खडा आधी, कोंदण मागून

पुण्यातल्या एका बाईंकडे सासूबाईंच्या पदकातून निघालेला पाचू होता. थेंबाच्या घाटाचा, एका अंगाला किंचित फुगीर. त्यांना तयार मिळालेली अंगठी 9×6 मिलिमीटरची, त्याच घाटाची. वरून ठेवून पाहिला तर खडा बसल्यासारखा दिसला, म्हणून सोनाराने पंजे दाबायला घेतले. शेवटचा पंजा वळवताना जोर पडला आणि निमुळत्या टोकाची कपची उडाली.

माप तर जुळलं होतं, मग चुकलं कुठे?

तयार कोंदणावर लांबी-रुंदी लिहिलेली असते, खोली नाही. ती कोंदणं यंत्रावर एकसारख्या कापलेल्या खड्यांसाठी असतात. त्यांत फरक चालतो तो दशांश-दोन दशांश मिलिमीटरचा. आपल्याकडचे आणि श्रीलंकेतले जुन्या पद्धतीचे खडे मात्र वजन वाचवून पैलू पाडलेले, त्यामुळे पुष्कळदा पोटाशी जड. असा खडा तळाला टेकतो आणि डुगडुगतो, नाहीतर इतका वर राहतो की पंजे त्याच्या कडेवर नीट वळतच नाहीत.

दुसरा घोटाळा कठीणपणाचा. मोहस् मापावर पाचू 7.5 ते 8, म्हणजे काचेवर सहज ओरखडा काढेल. पण ओरखडा न उठणं वेगळं आणि दाब सोसणं वेगळं. पाचूच्या पोटात मुळातच बारीक भेगा असतात आणि त्या झाकायला बहुतेक खड्यांना तेल दिलेलं असतं. पुष्कराज 8चा, तरी एका ठरावीक पातळीत तो सरळ दुभंगू शकतो. (हा पुष्कराज म्हणजे टोपाझ; बाजारात पिवळ्या नीलमालाही तेच नाव चालतं, म्हणून खडा नेमका कोणता हे आधी विचारून घ्यावं.)

खडा घासून मापात आणता येतो, पण त्याची किंमत वजनात मोजावी लागते. 1852 साली लंडनमध्ये कोहिनूरला नव्याने पैलू पाडले ते चमक वाढावी म्हणून. सुमारे 191 कॅरेटचा हिरा 105.6 कॅरेटवर आला. उलट ब्रिटिश राजमुकुटातला ‘ब्लॅक प्रिन्सेस रुबी’ पाहा. तो मुळात माणिक नव्हे, स्पिनेल; ओबडधोबड, पैलू न पाडलेला, भोक असलेला. तो तसाच ठेवून कोंदण त्याच्याभोवती घडवलं, भोकाच्या तोंडाशी छोटं माणिक बसवलं. आपलं कुंदनकाम हेच करत आलं आहे: शुद्ध सोन्याचा पातळ पत्रा खड्याच्या कडेकडेने दाबत न्यायचा, त्यामुळे वेडावाकडा पोलकी हिराही घट्ट बसतो.

म्हणून वेगळ्या घाटाचा खडा असेल तर आधी कॅलिपरने लांबी, रुंदी आणि खोली तिन्ही मोजून घ्यावी. पंज्यांऐवजी सभोवार पट्टीचं कोंदण त्या खड्यावरूनच बनवून घ्यावं. 22 कॅरेटचं सोनं 18 कॅरेटपेक्षा मऊ, त्याला कमी जोर लागतो. टोकाखाली धातू थोडा कोरून मोकळा ठेवायला सांगावं. डाख देऊन धातू जोडण्याचं सगळं काम खडा बसवण्याआधी उरकावं. खडा फुटला तर भरपाई कोणाची, हे चिठ्ठीवर लिहून घ्यायला संकोच करू नये. वजनही तिथेच नोंदवावं.

दागिना हाती आल्यावर कानाशी धरून हलकी टिचकी मारावी. खडखडला तर पैसे चुकते करण्याआधीच परत द्यावा. आणि पाचू असेल तर धुवायला कोमट पाणी आणि मऊ ब्रश पुरे. दुकानातल्या अल्ट्रासॉनिक यंत्रात तो टाकू देऊ नये, तेल निघून जातं आणि भेगा उघड्या पडतात.