बांधावरचा खेकडा : गळासाठी आणि ताटासाठी

मृगाचा पाऊस चांगला लागला की खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडच्या भाताच्या खाचरांत खेकडे बिळांतून बाहेर पडतात. मार्कंडेय, वेदगंगा, दूधगंगा यांच्या काठी आणि ओढ्यानाल्यांतही ते दिसू लागतात. आपले कानडी शेजारी त्याला एडि म्हणतात, घाटाखाली तो कुर्ली किंवा चिंबोरी होतो.

आपल्या भागात समुद्र नाही, पण पुष्कळ कुटुंबांचे सोयरे गोव्यात, कारवारात आणि सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडे आहेत. सुट्टीत तिकडे जाताना तरुण मंडळी गळ बरोबर घेतात आणि आमिष म्हणून इथलेच खेकडे नेतात. काही जण बाजारातून विकत घेतात. हेच खेकडे घरी रश्शातही पडतात. तेव्हा खेकडा कसा धरावा, कसा पारखावा आणि कोणता टाळावा याचा आपण या वेळी विचार करू. प्रश्न साधा दिसतो, पण त्यात घराच्या आरोग्याचा मोठा भाग आहे.

खेकड्याची ओळख

समुद्रातल्या आणि गोड्या पाण्यातल्या खेकड्यांत एक मोठा फरक आहे. समुद्रातली मादी एका वेळी लाखो अंडी देते. त्यांतून अतिसूक्ष्म डिंभ निघतात आणि पाण्याबरोबर दूर पसरतात. शेतातल्या मादीची अंडी त्या मानाने फारच थोडी असतात. त्यांतून लहान खेकडेच बाहेर येतात आणि काही दिवस आईच्या पोटाखाली चिकटून राहतात. म्हणून अशी एक मादी मारली की एक पिढीच गेली. ओढा एकदा रिकामा झाला की तो पुन्हा भरायला वर्षे लागतात.

नर-मादी ओळखणे सोपे आहे. खेकडा उलटा करून पाहावा. पोटावरचे झाकण अरुंद व टोकदार असेल तर नर, रुंद व गोलसर असेल तर मादी. मादीच्या झाकणाखाली अंडी किंवा पिले दिसली तर तिला होती तिथे सोडून द्यावे.

घाटातल्या जांभ्या दगडांच्या कपारींत आणि झाडांच्या ढोलींत लहान, रंगीत खेकडे आढळतात. त्यांच्या काही जाती अगदी थोड्या जागेत राहतात. उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूरजवळ सापडलेल्या पांढऱ्या-जांभळ्या खेकड्याची नवी जात म्हणून २०२२ साली नोंद झाली. असे खेकडे ना ताटाच्या कामाचे, ना गळाच्या. त्यांना हात लावू नये.

धरण्याची रीत

खेकडा रात्री हिंडतो, म्हणून अंधार पडल्यावर बॅटरी घेऊन जावे. एकट्याने जाऊ नये. पायांत गमबूट असावेत. बॅटरीच्या उजेडात खेकडा क्षणभर थबकतो. तेवढ्यात त्याला मागच्या बाजूने पाठीवर दाबावे आणि नांग्या पोचणार नाहीत असा कवचाच्या दोन्ही कडांना धरून उचलावा.

बिळात हात घालू नये. बांधाच्या बिळात खेकडाच असेल असे नाही, नाग किंवा घोणसही असते. त्यापेक्षा बुरुडाकडून निमुळत्या तोंडाची टोपली विणून घ्यावी, तीत कोंबडीची आतडी किंवा सुकट बांधावी आणि संध्याकाळी ती पाण्याच्या वाटेत ठेवावी. सकाळी खेकडे आत मिळतात. लहान असतील ते सोडता येतात.

पायाला जखम असेल तर खाचरात उतरू नये. उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस हा ताप येतो. पाण्यात काम केल्यावर थोड्या दिवसांत ताप, अंगदुखी, डोळे लाल होणे अशी लक्षणे दिसली तर डॉक्टरांकडे जावे आणि आपण खाचरात उतरलो होतो हे त्यांना आवर्जून सांगावे.

धरलेले खेकडे पाण्याने भरलेल्या बादलीत ठेवू नयेत. साठलेल्या पाण्यातली हवा संपते आणि ते गुदमरून मरतात. ओल्या पोत्यात किंवा ओला पाला घातलेल्या टोपलीत, सावलीत ठेवावेत. कल्ले ओले राहिले म्हणजे ते बराच वेळ जगतात.

विषाने धरू नये

आता मुख्य गोष्ट. खेकडा भाताची कोवळी रोपे कापतो, बांध पोखरतो आणि रातोरात खाचराचे पाणी निघून जाते. त्याचा राग येणे स्वाभाविक आहे. म्हणून काही जण बिळांत कीटकनाशक टाकतात. खेकडे गुंगून बाहेर येतात, मग कोणी ते गोळा करून खातात किंवा विकतात. हे आम्हांला सर्वांत धोक्याचे वाटते.

पूर्वी या कामी थायमेट फार वापरले जाई. थायमेट म्हणजे फोरेट. त्याच्या विक्रीवर व वापरावर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे. घरात जुनी पुडी पडली असेल तर ती वापरू नये आणि विहिरीत किंवा ओढ्यातही फेकू नये. तिचे काय करावे हे जवळच्या रयत संपर्क केंद्रात, महाराष्ट्राच्या बाजूला सहायक कृषी अधिकाऱ्याकडे विचारावे. निपाणी भागात तंबाखूचे पाणी गावठी म्हणून निरुपद्रवी समजले जाते. तोही गैरसमज आहे. तंबाखूतले निकोटीन हेही जहालच आहे.

वाहत्या पाण्यात विष घालून मासे मारणे हा १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहे. पण कायद्याच्या आधी शेजाऱ्याचा विचार करावा. आपल्या बांधावरचे पाणी खालच्या वाडीच्या विहिरीत झिरपते, आणि त्या विहिरीवर कोणाची तरी लेकरे पाणी पितात.

एक गोष्ट नीट समजून घ्यावी. शिजवल्याने किडा मरतो, पण शिजवल्याने विष नाहीसे होईल याचा भरवसा नाही. म्हणून कृषी खात्याच्या सल्ल्याने कोणी बिळांत विषारी आमिष ठेवले असेल, तर त्या शेतातला खेकडा त्या हंगामात ना खावा, ना विकावा, ना गळाला लावावा. गळाला लावलेले विष माशातून पुन्हा आपल्याच ताटात येऊ शकते. आमिष ठेवल्याचे शेजाऱ्यांना आणि मुलांना सांगावे.

विषबाधेत तोंडाला लाळ सुटते, घाम येतो, उलट्या होतात, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, स्नायू उडू लागतात, श्वास जड होतो. अशा वेळी अंगावरचे कपडे काढून अंग साबणाने धुवावे. मुद्दाम उलटी करवू नये. १०८ ला कळवून रोग्यास ताबडतोब रुग्णालयात न्यावे आणि औषधाची बाटली किंवा पुडी बरोबर द्यावी.

येथे एक जुनी हकिगत सांगितली पाहिजे. शिमोगा जिल्ह्यातील सागर तालुक्यात हंदिगोडू या गावी १९७५ च्या सुमारास सांधे व कंबर निकामी करणारा रोग दिसून आला. कीटकनाशक मारलेल्या शेतांतले खेकडे खाल्ल्याने तो होतो, असा आरंभी संशय होता. पुढच्या तपासणीत तो हाडांचा आनुवंशिक विकार असल्याचे दिसले. म्हणून खेकड्यावर नाहक आळ घेऊ नये. खेकडा वाईट नाही, त्याच्या बिळात आपण जे ओततो ते वाईट आहे.

बांध वाचवण्यासाठी खेकडे हाताने किंवा टोपलीने धरणे आणि बिळात दगड ठोकून वर घट्ट चिकणमाती तुडवणे, हा कष्टाचा पण खात्रीचा उपाय आहे. त्यात बांध राहतो, कालवण मिळते आणि गळाचेही काम होते. विषाने तिन्ही जातात.

विकत घेताना

खेकडा नेहमी जिवंत घ्यावा. मेलेला फार लवकर नासतो. आकाराच्या मानाने जड असावा, पाय ताठ असावेत, डिवचल्यावर नांग्या उगारणारा असावा. भरदिवसा मंद पडलेला आणि विनासायास हाती येणारा खेकडा संशयास्पद समजावा. तो कोणत्या गावचा, कसा धरला, हे विकणाऱ्यास विचारायला संकोच करू नये. बांधाजवळ मेलेले मासे किंवा बेडूक दिसले तर तिथला एकही खेकडा घेऊ नये.

गोव्यात किंवा कारवारात पोचल्यावर आमिष घ्यायचे असेल, तर खाडीतली मोठी काळी चिंबोरी महाग पडते. ती ताटासाठीच बरी. जाळ्यात येणारे, पाठीवर तीन ठिपके असलेले लहान समुद्री खेकडे गळासाठी पुरतात. पोटाखाली नारिंगी अंड्यांचा गोळा असलेली मादी घेऊ नये.

गळाला लावताना

तांबोशी, गोबरा, पालू हे खडकाळ भागातले मासे खेकडा आवडीने खातात. आपल्या नद्यांत अहिर व मरळ यांसाठीही तो चालतो. शेतातला खेकडा खाऱ्या पाण्यात फार काळ जगत नाही, म्हणून त्याचे तुकडेच वापरावेत. आधी सुरीने तो झटकन मारावा. जिवंतपणी पाय उपटणे हा क्रूरपणा आहे. मग वरचे कवच काढून दोन भाग करावेत, पायाच्या खोबणीतून गळ घालून टोक बाहेर काढावे आणि शिवणाच्या दोऱ्याने चार वेढे द्यावेत, म्हणजे मऊ मांस सुटत नाही. नुकतीच कात टाकलेला मऊ खेकडा सर्वांत उत्तम. चोर्ला किंवा आंबोली घाटाने जाताना तुकडे जाड मिठात घालून न्यावेत, मांस घट्ट राहते. मांस पांढरेफटक पडले की बदलावे. इथला जिवंत खेकडा तिकडच्या पाण्यात सोडू नये. आणि सांजांवच्या दिवसांत समुद्र खवळलेला असतो. तेव्हा खडकावर उभे राहून गळ टाकण्याचे धाडस करू नये.

स्वयंपाकघरात

गोड्या पाण्यातल्या खेकड्यात फुप्फुसात घर करणारा एक चपटा कृमी असू शकतो. आपल्या देशात त्याचे रोगी मुख्यतः मणिपूर, नागालँड, अरुणाचल या भागांत आढळले आहेत. महिनोन्‌महिने खोकला आणि थुंकीतून रक्त, अशी लक्षणे असल्याने तो क्षयच वाटतो. यावर गुणकारी औषध आहे, मात्र थुंकी तपासून ते डॉक्टरांनीच द्यावे. असा खोकला असेल आणि खेकडे खाण्यात असतील तर तेही डॉक्टरांना सांगावे.

काही ठिकाणी कच्च्या खेकड्याचा रस औषध म्हणून पाजतात. तो कोणालाही, विशेषतः मुलांना देऊ नये. शेतात जाळावर अर्धवट भाजलेला खेकडाही टाळावा. आपल्याकडे नांग्या वाटून रस गाळण्याची पद्धत आहे. तो रस रश्शात चांगला उकळला म्हणजे भय नाही. पण त्याच पाट्यावर लगेच चटणी वाटू नये. पाटा, वरवंटा, सुरी आणि हात साबणाने धुवून पाट्यावर कढत पाणी ओतावे.

शुक्रवारी ज्या घरांत मांस शिजत नाही तिथे खेकड्याचा रस्सा आवडीने होतो. तो निर्धास्तपणे वाढता यावा, एवढ्यासाठी या सूचना. घरातल्या शाळेत जाणाऱ्या मुलांकडून त्या मोठ्याने वाचून घ्याव्यात, कारण पावसात बांधावर सर्वांत आधी तीच धावतात.