पाठीचा कणा म्हणजे गर्डर नव्हे!

मित्रांनो, सबमिशनच्या दिवसांत हॉस्टेलमध्ये "कंबर गेली यार" हे वाक्य रोज कानावर पडतं. आपण इंजिनिअरिंगवाले लगेच मेकॅनिक्स लावतो. लोड वाढला, मेंबर झिजला, म्हणून दुखतं! मग एमआरआयमध्ये डिस्कची झीज दिसली की माणूस घाबरून जातो. पण रिसर्च वेगळंच सांगतो.

2015 साली अनेक अभ्यास एकत्र करून एक निष्कर्ष मांडण्यात आला. ज्यांची कंबर अजिबात दुखत नाही अशा विशीतल्या लोकांपैकीही सुमारे 37 टक्के लोकांच्या स्कॅनमध्ये डिस्कची झीज दिसते, आणि ऐंशीव्या वर्षी तर 96 टक्के लोकांच्या. म्हणजे नुसत्या फोटोवरून दुखणं ठरवता येत नाही.

तीन महिन्यांच्या वर टिकलेल्या कंबरदुखीला क्रॉनिक म्हणतात. ती कोणाची टिकेल हे आधी कसं ओळखायचं? इंग्लंडमधल्या कील विद्यापीठाने त्यासाठी फक्त 9 प्रश्न तयार केले. त्यात दुखणं पायात उतरतं का हे विचारतात, तसंच हालचालीची भीती वाटते का, हे कधी बरंच होणार नाही असं वाटतं का, हेही विचारतात. उत्तरांवरून कमी, मध्यम आणि जास्त धोका असे तीन गट करून त्याप्रमाणे उपचार देतात. 2011 च्या चाचणीत या पद्धतीने पेशंटना जास्त फायदा झाला आणि खर्चही कमी आला.

जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये क्रॉनिक कंबरदुखीसाठी व्यायाम, माहिती आणि मानसिक आधार यांवर भर दिला. कंबरपट्टा आणि ट्रॅक्शन सरसकट वापरू नका, असंही सांगितलं. 2024 मध्ये ऑस्ट्रेलियात कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या 701 लोकांवर प्रयोग झाला. ज्यांना चालण्याचा कार्यक्रम दिला त्यांचं दुखणं साधारण 208 दिवसांनी परतलं, इतरांचं 112 दिवसांनीच!

लोखंडी गर्डर वापरून थकतो, पण जिवंत कणा हळूहळू वाढवलेल्या कामाने बळकट होतो. म्हणून गावाकडे निंदण करून कंबर धरलेल्या आईला "आता पडूनच राहा" असं सांगू नका, तिच्यासोबत थोडं चाला. मात्र पाय बधिर होणं, लघवीवरचा ताबा जाणं किंवा सोबत ताप असेल, तर तडक डॉक्टरांकडे जा.

आणि व्यायामाचं म्हणाल, तर 1914 पासूनचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आपल्याच अमरावतीत आहे. मग उठा, खुर्ची सोडा!