आधी छपाईचं साल बघ

हाउन्सलो,
रविवार

चि. सोनूस,


पायथन येते, आता रस्ट ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायची आहे, पण पुस्तकं, व्हिडिओ आणि कोर्स इतके की हात कशाला घालावा कळत नाही, असं तू लिहिलंस. वर टोमणाही मारलास, की ‘मावशी, तुमच्याकडे तिकडे सगळं मिळतं.’ आधी टोमण्याचं उत्तर देते. इथे लंडनच्या हाउन्सलोत, बाथ रोडवर, हाउन्सलो हाउसमध्ये कौन्सिलचं वाचनालय आहे. १९६४च्या कायद्याने वाचनालय चालवणं कौन्सिलांना बंधनकारक आहे, आणि पुस्तक घरी न्यायला पैसे पडत नाहीत. सोय मोठी खरी, पण रस्टच्या बाबतीत तिने माझं पारडं तुझ्यापेक्षा जड होत नाही. या भाषेचं मुख्य पुस्तक, स्टीव्ह क्लॅबनिक, कॅरॉल निकोल्स आणि सहकाऱ्यांचं ‘द रस्ट प्रोग्रॅमिंग लँग्वेज’, भाषेच्या अधिकृत संकेतस्थळावर अख्खं आणि फुकट आहे. रस्ट नेहमीच्या पद्धतीने बसवलीस की ते तुझ्या लॅपटॉपवरही येतं, नेट नसलं तरी वाचता येतं. तुझ्या सांगलीत आणि माझ्या हाउन्सलोत पुस्तक एकच. म्हणजे अडचण टंचाईची नाही, निवडीची आहे. निवडीला माझ्या मते दोन प्रश्न पुरतात: हे साधन भाषेच्या आजच्या रूपाबद्दल बोलतंय का, आणि ते तुझ्याकडून काम करून घेतंय का?

पहिला प्रश्न किती महत्त्वाचा आहे, ते तुझ्या पायथनवरूनच पटेल. जुन्या पायथन २ मध्ये ७ भागिले २ लिहिलं की उत्तर ३ यायचं. २००८ साली आलेल्या पायथन ३ मध्ये तेच ३.५ येतं. जुन्या पुस्तकातली कंसाविना लिहिलेली ‘प्रिंट’ची ओळ आज चालवलीस तर संगणक लगेच अडवतो, त्यामुळे ती चूक परवडते. भागाकाराची ओळ मात्र बिनतक्रार चालते आणि पुस्तकाने सांगितल्यापेक्षा वेगळं उत्तर देते. अशी मुकी चूक नवशिक्याला कळत नाही. पायथन २चा अधिकृत सांभाळ १ जानेवारी २०२०ला थांबला, तिची पुस्तकं काही कपाटातून उठून गेली नाहीत. रस्टची पहिली स्थिर आवृत्ती २०१५ची; त्यानंतर २०१८, २०२१ आणि २०२४ची रूपं आली. म्हणून प्रस्तावनेआधी छपाईचं साल बघ आणि व्हिडिओ असेल तर त्याची तारीख. यावर तू म्हणशील, कर्निगन आणि रिची यांचं ‘सी’वरचं पुस्तक १९७८चं, ते तर लोक अजून नावाजतात. नावाजतात, कारण रिची हे त्या भाषेचे कर्तेच होते. पण तेही १९८८ साली नव्या प्रमाणानुसार पुन्हा लिहावं लागलंच. जुनं पुस्तक विचार करायला शिकवतं. नियमाचा शेवटचा शब्द मात्र आजच्या पुस्तकातच शोधावा.

दुसरा प्रश्न कामाचा. छान समजावलेला व्हिडिओ पाहताना सगळं कळल्यासारखं वाटतं, आणि तिथेच फसगत होते. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा पुन्हा वाचले, काहींनी वाचून मग आठवून लिहिले. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारे पुढे होते; आठवड्याने आठवून लिहिणारे. साधनाची परीक्षाही आठवड्यानेच होते. रस्टमध्ये यासाठी ‘रस्टलिंग्ज’ नावाचा सरावसंच आहे: छोटे, मुद्दाम मोडून ठेवलेले प्रोग्रॅम, तू दुरुस्त करायचे. कंपायलर कुठे बिघडलंय ते दाखवतो, आणि पुष्कळदा उपायही सुचवतो. चूक करून ती वाचायला शिकवणारं असं साधन मी दहा तासांच्या गोड व्याख्यानावर केव्हाही निवडीन.

‘अधिकृत पुस्तक रुक्ष असतं, शिवाय इंग्रजीत,’ हा आक्षेप खोटा नाही. संकल्पना मायबोलीत लवकर उतरते. म्हणूनच आयआयटी मुंबईत प्रा. कण्णन मौदगल्य यांनी उभ्या केलेल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’चं मला कौतुक आहे. दहाएक मिनिटांचे ते पाठ मराठीतही ऐकता येतात, आणि अर्ध्या पडद्यावर पाठ, अर्ध्यावर स्वतःचं काम, अशी त्यांची रीतच आहे. तिथे कामाची कसोटी आपोआप पाळली जाते. पण चूक दाखवणारा संदेश शेवटी इंग्रजीतच येणार, तेव्हा ती इंग्रजी टाळू नकोस. रोज चार ओळी वाच, सवय होते. पैसे भरून घेतलेला कोर्स शिस्त लावतो, हेही मान्य. पण शिस्त विकत घ्यायचीच असेल, तर आधी त्याला हेच दोन प्रश्न विचार.

आता शेवटचा आक्षेप: एआयला विचारलं की झालं, पुस्तक कशाला? एआयने जुनं-नवं सगळं वाचलेलं असतं, ते मिसळूनही देतं. त्यातलं शिळं कोणतं हे ओळखायला आधी तुला भाषा यावी लागते. शिवाय मागितल्याबरोबर उत्तर मिळालं, की आठवायचे कष्ट वाचतात, आणि शिक्षण तर त्या कष्टातच आहे. एआयला परीक्षक कर, लेखनिक करू नकोस: प्रश्न त्याने घालावेत, उत्तर तू लिहावंस.

तर एक पुस्तक, एक सरावसंच, एवढंच घे. पुस्तकाचं चौथं प्रकरण मालकीच्या, म्हणजे ओनरशिपच्या, नियमांचं आहे. रस्टचा खरा चढ तिथून लागतो, आणि नवं साधन शोधायचा मोह तिथेच होईल. त्या प्रकरणातले प्रोग्रॅम पुस्तक मिटून स्वतः लिहिता येईपर्यंत दुसरं काही उघडू नकोस. आले की मला कळव.

तुझी,
मावशी