ज्वालामुखी कोठे व का?

पृथ्वीच्या पाठीवर ज्वालामुखी वाटेल तेथे उद्भवत नाहीत. पृथ्वीचे बाह्य कवच अनेक प्रचंड भूपट्टांचे बनलेले असून ते वर्षाकाठी काही सेंटिमीटर सरकत असतात. बहुसंख्य ज्वालामुखी या भूपट्टांच्या सीमांवरच आढळतात.

जेथे दोन भूपट्ट परस्परांपासून दूर जातात, तेथे खालील तप्त खडकावरील दाब कमी होऊन तो वितळतो. आइसलँड हे याचे उदाहरण होय. जेथे एक भूपट्ट दुसऱ्याखाली शिरतो, तेथे त्याच्याबरोबर खोल गेलेले पाणी वरच्या खडकास कमी तापमानातही वितळविते. जपान व इंडोनेशियातील ज्वालामुखी असेच निर्माण झाले. अंदमान समुद्रातील बॅरन बेटही त्याच प्रकारचे. दीर्घ निद्रेनंतर ते १९९१ साली जागे झाले.

काही ज्वालामुखी मात्र सीमांपासून दूर, भूगर्भातून उष्ण द्रव्य वर येते अशा 'तप्तबिंदू'वर होतात. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भारतीय भूपट्ट अशाच तप्तबिंदूवरून सरकत असता लाव्हाचे थरावर थर साचून दख्खनचे पठार घडले, असे बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. तो तप्तबिंदू आज हिंदी महासागरातील रियुनियन बेटाच्या परिसरात आहे. आपली भूमी केव्हाच उत्तरेस सरकली.

म्हणूनच वज्रेश्वरीची ऊन पाण्याची कुंडे पाहून ज्वालामुखीचे भय बाळगण्याचे कारण नाही. ते पाणी खोल भेगांत तापते. लोणारचे विवर उल्कापाताने पडले. १९६७ चा कोयनेचा भूकंपही ज्वालामुखीमुळे झाला नव्हता. त्या प्राचीन लाव्हाच्या खडकापासून झालेली काळी माती मात्र आजही कापूस आणि ज्वारी पिकवीत आहे.