कॅटबोटीची निवड

होडी घ्यावयाची म्हटली म्हणजे मन आधीं तिच्या रंगाकडे व वेगाकडे धांवतें. परंतु ती ज्या पाण्यांत चालवावयाची, त्या पाण्याचा विचार प्रथम झाला पाहिजे.

अमेरिकेंतील केप कॉड या द्वीपकल्पाचें उदाहरण घेऊं. तेथील खाड्या उथळ, वाळूचे दांडे पुष्कळ आणि उन्हाळ्यांत दुपारचा नैर्ऋत्य वारा जोराचा. अशा पाण्यासाठीं ऑस्टरव्हिल गांवच्या क्रॉस्बी घराण्यानें १८५० च्या सुमारापासून कॅटबोटी बांधल्या. या होडीची रुंदी लांबीच्या जवळजवळ निम्मी, डोलकाठी अगदीं नाळेशीं व शीड एकच. तळांतील उभी फळी वर ओढली कीं १८ फुटी होडी दोन फूट पाण्यांतही तरते.

परंतु जेथें गुण तेथेंच दोष. वारा वाढतांच त्या मोठ्या शिडामुळें होडी वाऱ्याच्या तोंडाकडे वळूं पाहते व सुकाणू हातांत जड होतें. होडी जितकी मोठी, तितकें शीड आवरणें कठीण. म्हणून एकट्या नवशिक्यानें लहान होडीच घ्यावी, असें आम्हांस वाटतें. शीड आखडण्याच्या दोऱ्या धड आहेत ना, फळीची पेटी गळत नाहीं ना, डोलकाठीचा बुंधा कुजला नाहीं ना, हें स्वतः हात लावून पाहावें. फायबरग्लासच्या होडीस कुजण्याचें भय थोडें; तरी तपासणी सोडूं नये.

विद्यार्थिमित्रहो, होडी कितीही चांगली असो, वारा वाढण्यापूर्वीं शीड आखडण्याचें शहाणपण तिजबरोबर विकत मिळत नाहीं. तें आपणच शिकावें लागतें.