पार्टिशनची तालीम कितीला पडते?

विंडोज 10 चे मोफत सुरक्षा अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबले आणि विंडोज 11 ज्यांच्यावर चढत नाही असे चांगले चालते लॅपटॉप एका रात्रीत म्हातारे ठरले. मायक्रोसॉफ्टने वर्षभराची मुदतवाढ 30 डॉलरला ठेवली आहे. सेटिंग त्यांच्या खात्याशी जोडल्या तर ती फुकटही मिळते, पण ती 13 ऑक्टोबर 2026 ला संपते. म्हणून जुळे सोलापुरातल्या फ्लॅटमध्ये बसून लिनक्स टाकायचा विचार कुणी करत असेल, तर त्यात वावगं काही नाही.

लिनक्सला पैसे पडत नाहीत. महाग पडतो तो इन्स्टॉलरमधला डिस्कच्या वाटणीचा, म्हणजे पार्टिशनचा, पडदा. तिथे ‘पूर्ण डिस्क वापरा’ निवडून होकार दिला, की डी ड्राइव्हवरचे लग्नाचे फोटो आणि सोसायटीचे हिशेब एकदम जातात. रिकव्हरीवाल्याचं बिल हजारांत सुरू होतं, आणि फाइली मिळतीलच याची हमी तो देत नाही. हाच पडदा आधी व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या आत चालणाऱ्या लटक्या कॉम्प्युटरवर, हवा तितका चुकून पाहता येतो.

असं मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा खर्च काहीच नाही. व्हर्च्युअलबॉक्स मोफत आहे, व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो नोव्हेंबर 2024 पासून सगळ्यांना मोफत झालं. विजेचंही तसंच: लॅपटॉप 60 वॅट खातो आणि युनिट बारा रुपयांचं आहे असं धरलं, तरी दोन तासांच्या तालमीला दीड रुपया होत नाही.

पैसे जातात ते डेटावर आणि रॅमवर. उबुंटू 24.04 या लिनक्सची आयएसओ फाइल सहा जीबीच्या घरात आहे. रोजच्या दीड-दोन जीबीच्या मोबाइल प्लॅनवर ती उतरवायला बसू नका, ज्यांच्याकडे ब्रॉडबँड आहे त्या शेजाऱ्याकडे पेनड्राइव्ह घेऊन जा. डेबियन या दुसऱ्या लिनक्सची नेटइन्स्टॉल फाइल एक जीबीच्या आत बसते, पण ती स्वस्त वाटते तितकी नसते. डेस्कटॉप ती इंटरनेटवरून ओढते, आणि तालीम पुन्हा केली की पुन्हा ओढते. नुसतं पार्टिशन तपासायचं असेल तर सॉफ्टवेअर निवडीच्या पडद्यावर डेस्कटॉपची खूण काढून टाका. मशीन सुरू होतं की नाही एवढं कळायला मूळ सिस्टिम पुरते.

रॅम 8 जीबी असेल तर त्यातली 2 जीबी लटक्या मशीनला द्या, डेबियनचं काम भागतं. 4 जीबीच्या लॅपटॉपवर मात्र ओढाताण होते. त्यासाठी नवी रॅम घेऊ नका असंच मी सांगेन. 2025 च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढले आहेत. एका दिवसाच्या तालमीपुरता मित्राचा लॅपटॉप मागून घेतलेला परवडतो. व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीत खाली कासवाचं चित्र दिसलं तर विंडोजचं हायपर-व्ही मध्ये आलं आहे आणि सगळं रखडत चालणार, हे ओळखा.

आता तालीम. लटकी डिस्क खऱ्याइतकीच मोठी करा, 512 जीबी असेल तर 512. ‘डायनॅमिक’ प्रकार निवडला तर ती जेवढं लिहाल तेवढीच जागा व्यापते. मशीन पहिल्यांदा सुरू करण्याआधी सेटिंगमध्ये ईएफआय चालू करा, नाहीतर जुन्या बायोसची तालीम होईल आणि तुमच्या लॅपटॉपवर वेगळंच घडेल. मग जीपार्टेडच्या लाइव्ह आयएसओने जीपीटी टेबल बनवा, छोटं ईएफआय पार्टिशन आणि दोन मोठी एनटीएफएस पार्टिशनं करा, त्यांत चार फाइली टाका आणि स्नॅपशॉट घ्या. यापुढे कितीही बिघडलं तरी मिनिटभरात इथे परत येता येतं.

डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये ग्राफिकल पर्याय निवडला तर भाषांच्या यादीत मराठी आहे, 2009 साली आलेल्या डेबियन 5.0 पासून. घरात इंग्रजी इशारे न वाचता पुढे जाणारं कुणी असेल तर ही सोय लाखमोलाची आहे. बहुतेक बदल शेवटच्या ‘डिस्कवर लिहू का’ या प्रश्नापर्यंत कागदावरच असतात, आणि तिथेही उत्तर आधीपासून ‘नाही’ वर ठेवलेलं असतं. मात्र पार्टिशनचा आकार कमी करणं या नियमात बसत नाही. ते त्या क्षणी होतं, मागे फिरता येत नाही. लोक नेमके इथे फसतात, कारण शेवटी विचारतीलच अशी त्यांची समजूत असते. आकार बदलत असताना लटक्या मशीनची वीज मुद्दाम तोडा आणि फाइली वाचल्या का पाहा. उन्हाळ्यात वळवाच्या सरीबरोबर लाईट जाते तेव्हा यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपचं काय होईल, त्याचा अंदाज येतो.

‘एन्क्रिप्टेड’ पर्याय तपासताना एक जपा. इन्स्टॉलर सुरुवातीला सगळी डिस्क पुसून काढायला घेतो, त्यामुळे डायनॅमिक फाइल फुगत फुगत खऱ्या डिस्कची जागा संपवते. ते पुसणं रद्द करायची सोय तिथेच आहे.

तालमीत न दिसणाऱ्या गोष्टीही आहेत. व्हर्च्युअलबॉक्समध्ये डिस्कचं नाव बहुधा एसडीए दिसेल, नव्या लॅपटॉपवर एनव्हीएमईने सुरू होणारं. म्हणून नावावर न जाता आकारावरून ओळखा. विंडोजमध्ये 512 ची डिस्क 476 दिसते, हेही ध्यानात ठेवा. बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी उतरवून घ्या आणि फास्ट स्टार्टअप बंद करा. इंटेलच्या रेड मोडमध्ये असलेली डिस्क काही लॅपटॉपवर इन्स्टॉलरला दिसतच नाही.

खरा खर्च बॅकअपचा. एक टीबीच्या बाहेरच्या हार्डडिस्कला पाच-सहा हजार धरून चला. हे पैसे नसतील तर तालीम कितीही चांगली झाली तरी खऱ्या मशीनला हात लावू नका, किंवा जुनी डिस्क काढून छोटी एसएसडी बसवा आणि तिच्यावर लिनक्स टाका. जुनी डिस्क कपाटात जशीच्या तशी राहील. आणि पाणी यायच्या दिवशी हे काम काढू नका. मोटर चालू-बंद करायला उठलात की मधला इशारा हुकतो.

दुकानातून करून घ्यायचं असेल तर नुसत्या ‘फॉरमॅट मारायला’ तीनशे ते सहाशे रुपये धरा, बॅकअपचे वेगळे. लॅपटॉप देण्यापूर्वी विचारा: कोणतं पार्टिशन पुसणार, कोणतं ठेवणार? उत्तर पावतीवर लिहून घ्या. ‘सगळं मी बघतो’ एवढंच उत्तर मिळालं तर लॅपटॉप परत घरी आणा.