दोन अंकांची काटकसर

काटकसर हा सद्गुण खरा. परंतु ती कोठे करावी, हेही कळावे लागते. दोन अंकांची काटकसर एकदा साऱ्या जगाला महाग पडली.

इ. स. १९६० च्या सुमारास संगणकाची स्मृती फार थोडी व अतिशय महाग होती. म्हणून १९६५ हे साल नुसते '६५' असे नोंदण्याची प्रथा पडली. धुळ्याच्या दुकानदाराने वहीत '६५' लिहिले, तर वाचणारा शतक मनाने जाणतो. यंत्राला मन नसते. सन २००० मधील '००' म्हणजे १९००, असे ते समजणार होते.

समजा, रावेरच्या एका केळीबागायतदाराने १९९५ साली जळगावच्या बँकेत पाच वर्षांच्या मुदतीने हजार रुपये ठेवले. मुदत संपताच संगणकाने '००' मधून '९५' वजा केले, तर उत्तर येईल उणे पंचाण्णव! मग व्याज कसले आणि मुदत तरी कसली?

१९९९ साली भीती वाढली. विमाने कोसळतील, वीज जाईल, बँका बुडतील, अशा वार्ता पसरल्या. खरा धोका या भीतीतच होता. लोकांच्या ठेवींतूनच बँक इतरांना कर्ज देते. सर्वांनी एकाच दिवशी पैसे मागितले, तर चांगली बँकही अडचणीत येते. म्हणूनच अमेरिकेने जादा नोटा तयार ठेवल्या.

इकडे हजारो तंत्रज्ञ ओळीमागून ओळ तपासून चुका सुधारीत होते. त्यांत भारतीयांचा वाटा मोठा होता. या कामी जगभर सुमारे ३०० अब्ज डॉलर खर्च झाले, असा अंदाज आहे.

१ जानेवारी २००० उजाडला आणि मोठा अनर्थ टळला. अमेरिकेत एका ग्राहकाला चित्रफीत शंभर वर्षे उशिरा परत केल्याबद्दल ९१,२५० डॉलरचे बिल आले, तेव्हा हसू मात्र झाले! अल्प तयारी केलेल्या देशांतही फारसे बिघडले नाही. म्हणजे भीती अतिरंजित होती, हे खरे. तथापि, पावसाळ्यापूर्वी खानदेशात धाब्याच्या घरावर नवी माती पसरतात. घर गळले नाही, म्हणून ती माती व्यर्थ गेली, असे कोणी म्हणत नाही.

१९ जानेवारी २०३८ रोजी जुन्या पद्धतीच्या काही संगणकांची सेकंदांची मोजणी अशीच संपणार आहे. त्या वेळी तुम्ही मोठे झालेले असाल. घाबरू नका, पण माती वेळेवर पसरा.